किटकॅटपासून आरसीसीबीपर्यंत: फ्यूज बोर्ड बदलताना काय काय निघालं

आमच्या घरातला फ्यूज बोर्ड घराच्याच वयाचा होता. भिंतीत बसवलेली लाकडी पेटी, तिच्यावर लोखंडी मेन स्विच आणि खाली ओळीने चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे, ओढून काढता येणारे होल्डर. त्यातला स्वयंपाकघराचा किटकॅट ओढला की आतले पितळी पाय काळे पडलेले दिसायचे आणि पांढऱ्या चिनी मातीवर तपकिरी डाग चढलेला. फ्यूज मात्र वर्षानुवर्षं उडाला नव्हता. घरातली मोठी माणसं हे बोर्डाच्या दणकटपणाचं लक्षण मानायची. मला नेमकी त्याचीच भीती वाटायची. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शनची शेगडी अशी त्या एका सर्किटवर भर पडतच गेली होती आणि फ्यूजने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

वायरमन काकांनी तो किटकॅट हातात घेतला, स्क्रू सैल केले आणि आतली तार माझ्यासमोर धरली. ती फ्यूज वायर नव्हतीच. कुठल्या तरी केबलमधली तांब्याची तार सोलून, दुहेरी पिळून बसवली होती.

"ताई, ह्याला फ्यूज कशाला म्हणायचं? सरळ जोडूनच टाकलंय," ते म्हणाले.

१५ अँपिअरच्या फ्यूज वायरची जाडी असते अर्धा मिलिमीटर, ५ अँपिअरची ०.२ मिलिमीटर. १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला साधारण ८० अँपिअर लागतात. तेवढा करंट वाहायला लागला तर भिंतीतली वायर आधी जळेल, किटकॅट शाबूत राहील. आणि अगदी योग्य जाडीची फ्यूज वायर घातली तरी ती तिच्यावर लिहिलेल्या आकड्याला उडत नाही. जवळपास दुप्पट करंट गेल्यावर वितळते. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, याबाबतीत काटेकोर असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १.१३ पटीला, म्हणजे १८ अँपिअरला, तासभर तग धरतो आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपिअरला, तासाच्या आत पडलाच पाहिजे, असं त्याचं प्रमाणच ठरलेलं आहे.

पाय काळे पडले होते ते मात्र सैल जोडणीमुळे. किटकॅट वर्षानुवर्षं काढून-घालून त्याच्या पितळी पट्ट्यांतली स्प्रिंग गेली होती. अशा जोडणीत ०.१ ओहमचा जरी रोध आला आणि त्यातून १६ अँपिअर गेले, तर तिथे पंचवीस वॉटच्या वर उष्णता तयार होते. म्हणजे लाकडी पेटीच्या आत एक छोटं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. ही उष्णता फ्यूजला कळत नाही आणि एमसीबीलाही कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. नवा बोर्ड बसवताना प्रत्येक स्क्रू नीट आवळण्यावर काका इतके अडून का बसले, ते हा हिशोब केल्यावर समजलं.

खरी धास्ती वाटली ती मेन स्विच उघडल्यावर. त्यात दोन फ्यूज होते, एक फेजवर, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेवर, आणि एक न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर. जुन्या घरांत असं करायची पद्धत होती. वरवर दुप्पट सुरक्षा वाटते. पण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरात अंधार होतो, पंखे थांबतात, सगळ्यांना वाटतं वीज गेली. फेज मात्र प्रत्येक दिव्याच्या होल्डरपर्यंत जिवंत असतो. कोणीतरी स्टुलावर चढून बल्ब काढायला जातं. या न्यूट्रल फ्यूजचा संबंध पुढे आणखी एका ठिकाणी येणार होता, ते तेव्हा माहीत नव्हतं.

फ्यूज ही वस्तूच वाईट, असं मी म्हणणार नाही. मीटरच्या आधी वीज कंपनी जो कार्ट्रिज फ्यूज लावते तो आजही तिथे असतो, कारण हजारो अँपिअरचा शॉर्ट सर्किट करंट तोडण्यात त्याच्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. त्यात आपल्याला तार घालता येत नाही, हाच त्याचा गुण. किटकॅटमध्ये कोणीही काहीही घालू शकतं आणि घालतंच.

काकांनी पहिल्या भेटीत पक्कडसुद्धा बाहेर काढली नाही. वही घेऊन ते खोलीखोलीत फिरले. स्विचबोर्ड उघडून आत कुठल्या जाडीची वायर आहे ते बघत होते. मला वाटलं होतं, ते विचारतील की गिझर किती वॉटचा आहे, एसी आहे का. तेही विचारलं, पण नंतर. त्यांचा नियम असा, की एमसीबीचा आकडा वायर बघून ठरवायचा, उपकरण बघून नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. मिक्सर जळला तरी त्याला देणंघेणं नाही. २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तिथे १६ अँपिअर, दिव्यांच्या सर्किटला ६. मागच्या खोलीतले प्लग मोठे, १६ अँपिअरचे होते, पण त्यांच्यामागे निघाली १.५ चौरस मिलिमीटरची वायर, तीही इतर वायरींबरोबर एका पाइपात कोंबलेली. तिथे त्यांनी १० चा एमसीबी लिहिला. मी म्हणाले, इस्त्री आणि हीटर एकदम लावले तर पडेल की. "पडायलाच पाहिजे," एवढंच म्हणाले.

सामान घेण्याआधी मी थोडं वाचून घेतलं. एमसीबीवर आकड्याच्या आधी एक अक्षर असतं, बी, सी किंवा डी. शॉर्ट सर्किट झाल्यावर तो ताबडतोब कितव्या पटीला पडेल, ते या अक्षरावरून कळतं. बी तीन ते पाच पटीला, सी पाच ते दहा, डी दहा ते वीस. मोटर सुरू होताना किंवा एलईडी दिव्यांचा गुच्छ एकदम लागताना क्षणभर मोठा करंट जातो, तेवढ्याने पडू नये म्हणून घरात सर्रास सी लावतात. दुकानदार न विचारता सीच देतो. आम्हीही मोटर असलेल्या सर्किटांना सी आणि बाकीच्यांना बी असं घेतलं. त्याखाली चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. तेवढ्या अँपिअरचा शॉर्ट सर्किट तो स्वतः न फुटता तोडू शकतो. ट्रान्सफॉर्मर घराजवळ असेल तर हा आकडा बघायलाच हवा.

आता आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. याच्याबद्दल घरात सगळ्यात जास्त वाद झाला, कारण एमसीबी असताना हा आणखी कशाला, हे कोणालाच पटेना. मला पटलं ते एका साध्या भागाकाराने. समजा, वॉशिंग मशीनच्या पत्र्याला आतून फेज चिकटला. पत्रा अर्थला जोडलेला आहे, म्हणून करंट जमिनीत जाणार. अर्थिंग आपल्या आवारात गाडलेल्या रॉडचं असेल आणि त्याचा रोध ५ ओहम असेल, म्हणजे चांगलंच अर्थिंग, तरी २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. सी १६ एमसीबी ताबडतोब पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ ला तो आधी गरम होईल आणि मग पडेल. जमीन वाळून रोध २० ओहमवर गेला तर करंट साडेअकरा अँपिअर, आणि एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. तो कधीच पडणार नाही. तितका वेळ मशीनच्या पत्र्यावर व्होल्टेज तसंच राहील.

आरसीसीबी करंट किती जातोय हे बघतच नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का, एवढंच तो तपासतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. तेवढा फरक दिसला तर ०.३ सेकंदात तो पडायला हवा, आणि फरक त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक असलेले चार्ल्स डॅल्झील यांनी विजेच्या धक्क्याचा माणसावर काय परिणाम होतो, याची मोजमापं स्वयंसेवकांवर केली होती. पकडलेली तार आपल्या आपण सोडता येण्याची मर्यादा त्यांना पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साधारण साडेदहा मिलिअँपिअर आढळली. १९६१ मध्ये त्यांनीच असा फरक ओळखून वीज तोडणारं उपकरण तयार केलं. म्हणजे ३० मिलिअँपिअर हा सुखाचा आकडा नाही. धक्का बसणारच, चांगला जोरात बसणार. आरसीसीबी करंट कमी करत नाही, करंट अंगातून वाहण्याचा वेळ कमी करतो, आणि हृदयाचे ठोके बिघडण्याआधी तोडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर मात्र त्याला आपण आणि बल्ब यांतला फरक कळत नाही. हेही घरात सांगून ठेवलं.

एक आरसीसीबी सबंध घराला लावणं स्वस्त पडतं. मी नको म्हणाले. एका गळतीपायी फ्रिजपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळं बंद पडतं आणि लोक वैतागून तो आरसीसीबीच काढून टाकतात. आम्ही दोन घेतले, घराचे दोन भाग करून, आणि फ्रिजसाठी वेगळा आरसीबीओ, ज्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकात असतात. प्रकार ए घ्यायचा हा आग्रह माझा. इलेक्ट्रॉनिक्स भरलेल्या उपकरणांतून गळती झाली तर ती साध्या लाटेसारखी नसते, तुटक असते, आणि 'एसी' नावाच्या साध्या प्रकारच्या आरसीसीबीला ती नीट ओळखता येईलच असं नाही. कोणता प्रकार आहे ते त्याच्या अंगावर छापलेल्या लाटेच्या चिन्हावरून कळतं. काकांनी चष्मा लावून ते चिन्ह पाहिलं आणि मान डोलावली.

पण दोन आरसीसीबी म्हणजे दोन न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल वायरी एकत्र जोडायच्या दोन पट्ट्या. ज्या आरसीसीबीच्या खालून फेज गेला, त्याच आरसीसीबीच्या लिंकवर त्या सर्किटचा न्यूट्रल परत यायला हवा. आणि आमच्या जुन्या पेटीत सगळ्या घराचे न्यूट्रल एकत्र पिळून टेपचा एक मोठा गोळा करून ठेवले होते. कोणता कुठल्या खोलीचा, हे सांगणारी एकही खूण नाही. किटकॅटला त्याची गरजच नव्हती. त्याच्या दृष्टीने न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल, कुठूनही आला तरी चालतो.

कामाच्या दिवशी वीज कंपनीच्या माणसाने सील तोडून मीटरच्या पुढचा पुरवठा बंद केला. जुना मेन स्विच पाडून भागत नाही, त्याच्या येणाऱ्या बाजूचे टर्मिनल तेव्हाही जिवंतच असतात. वीज खरंच गेली की नाही, हे काकांनी स्क्रूड्रायव्हर टेस्टरने तपासलं नाही. खिशातला तो टेस्टर त्यांनी मला दाखवला आणि म्हणाले, याच्यावर माझा जीव मी ठेवत नाही. दोन टोकांचा टेस्ट लॅम्प त्यांनी आधी जिवंत ठिकाणी लावून पेटतो का बघितलं, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावला, आणि पुन्हा जिवंत ठिकाणी लावून पाहिला. लॅम्पच गेलेला असेल तर मधल्या तपासणीला काही अर्थ नसतो.

लाकडी फळी सुटली तेव्हा किटकॅटच्या मागे एक करडा, ठिसूळ पत्रा निघाला. जुन्या पेट्यांत उष्णता सोसायला ॲस्बेस्टॉस वापरायचे. हा तोच होता का, ते आम्ही तपासून घेतलं नाही, पण तोच आहे असं धरून चाललो. मदतनीस पोरगा छिन्नी लावणार होता, त्याला थांबवलं. पाणी शिंपडून, मास्क लावून, न तोडता तो अखंड काढला आणि जाड पिशवीत बंद केला.

मग तो न्यूट्रलचा गोळा सोडवायला घेतला. हे काम डोळ्यांनी होत नाही. एक एक वायर वेगळी करायची, दुसऱ्या टोकाला खोलीत जाऊन मल्टिमीटरवर टिकटिक वाजते का बघायचं आणि वायरीला क्रमांकाची चिकटपट्टी लावायची. मी वही धरून बसले होते. बोर्ड बसवणं, एमसीबी आतल्या पट्टीवर चढवणं, त्यांना जोडणारी तांब्याची पट्टी (बसबार) कापून लावणं, हे सगळं त्या मानाने झटपट झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. वायरींच्या टोकांना काका फेरूल, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, दाबून लावत होते, टर्मिनलमध्ये घालून आवळत होते, आणि मग प्रत्येक वायर जोरात ओढून बघत होते. सगळं झाल्यावर पहिल्या स्क्रूपासून पुन्हा एकदा.

पुरवठा आला. मेन वर, दोन्ही आरसीसीबी वर, एकेक एमसीबी वर. सगळं चालू. घरात टाळ्या. संध्याकाळी कोणीतरी जिन्यातला दिवा लावला आणि दोन्ही आरसीसीबी एकदम पडले.

दोन्ही एकदम पडणं, हीच खूण होती. काका तासभर डोकं खाजवतील असं मला वाटलं होतं, पण ऐकल्या ऐकल्या ते हसले. जिन्याच्या दिव्याला खाली एक स्विच आणि वर एक. त्या काळी वायर वाचवायला दिव्याचा फेज खालच्या मजल्याच्या सर्किटवरून घेतला होता आणि न्यूट्रल वरच्या मजल्याच्या. उसना न्यूट्रल. आमच्या विभागणीत खालचा मजला एका आरसीसीबीवर आणि वरचा दुसऱ्यावर. म्हणजे पहिल्यातून करंट गेला तो परत आलाच नाही, आणि दुसऱ्यात न गेलेला करंट परत आला. दिवा केवळ ९ वॉटचा एलईडी. तरी २३० व्होल्टला तो ४० मिलिअँपिअरच्या आसपास होतो, आणि ३० पुरेसे असतात. इतकी वर्षं वरच्या मजल्याचा फ्यूज काढून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला वाटत असणार की न्यूट्रलला हात लावायला हरकत नाही. जिन्यातला दिवा लावलेला असताना तो न्यूट्रल कोणी सोडवला असता, तर सुटं टोक दिव्यातून आलेल्या फेजचं असतं. खालच्या सर्किटमधून दिव्यापर्यंत नवा न्यूट्रल ओढला आणि तो विषय मिटला.

दुसरा घोळ मिटायला जास्त वेळ लागला. खालच्या मजल्याचा आरसीसीबी आता एरवी टिकायचा, पण गिझर लावला की पडायचा. घरात सगळ्यांनी गिझरला दोषी ठरवून टाकलं. संशय अगदीच अनाठायी नव्हता. गिझरच्या कॉइलमध्ये जी पांढरी भुकटी भरलेली असते ती ओलावा धरते आणि गळती सुरू होते, हे बऱ्याच घरांत होतं. पण गिझरची वायर काढून ठेवली आणि इस्त्री लावली, तरी पडला. मी एक एक एमसीबी खाली करून बघितलं. सगळे खाली केले, फक्त इस्त्रीचा वर ठेवला, तरी पडला. इस्त्री तर वरच्या मजल्यावर नेली की बिनघोर चालत होती.

फोनवर हे सांगितल्यावर काका म्हणाले, "एमसीबी खाली करून तुम्ही फेज तोडता हो ताई. न्यूट्रल तसाच जोडलेला असतो. गोम न्यूट्रलमध्ये आहे."

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आरसीसीबी पडला की एमसीबी खाली-वर करून दोषी सर्किट सापडतं, असं सगळीकडे सांगितलं जातं. फेजची गळती असेल तर सापडतं. पण कुठे तरी न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर इस्त्रीचा परतीचा करंट लिंकवर येतो आणि तिथून दोन वाटांनी जातो. बराचसा आरसीसीबीतून, आणि थोडा त्या टेकलेल्या सर्किटच्या न्यूट्रलमधून अर्थकडे. तेवढा हिशोबात कमी पडतो. लोड जितका मोठा तितका तुटवडा मोठा, म्हणून एक-दोन दिव्यांना चालतं आणि गिझरला पडतं. त्या सर्किटचा एमसीबी खाली आहे की वर, याने काही फरक पडत नाही.

मग आले तेव्हा काकांनी मेन पाडून लिंकवरचे न्यूट्रल एकेक करून सोडवले आणि अर्थशी तपासले. बाथरूमच्या बाहेरचा वॉशिंग मशीनचा प्लग. सॉकेट उघडलं तर आत बोटभर लांबीचा वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या टर्मिनलवरून थेट अर्थच्या टर्मिनलवर. कधी काळी त्या प्लगपर्यंत अर्थची वायर आलेलीच नसणार, आणि तीन पिनांचं मशीन "अर्थिंगसकट" लावून द्यायचा कोणी तरी हा उपाय काढलेला. पुढे अर्थची वायर ओढली गेली, जोडलीही. तो तुकडा कोणी काढला नाही.

आणि मला मेन स्विचमधला तो न्यूट्रलचा फ्यूज आठवला. अर्थची वायर नसतानाच्या काळात तो एकदा जरी उडाला असता, तर चालू असलेल्या कुठल्याही पंख्यातून, दिव्यातून फेज न्यूट्रलवर आला असता, आणि या तुकड्यातून सरळ मशीनच्या पत्र्यावर. ओल्या फरशीवर उभं राहून मशीनमधले कपडे काढणाऱ्या माणसाच्या हाताखाली २३० व्होल्ट, आणि घरात सगळीकडे "वीज गेली". आमच्या आधीच्या माणसांचं नशीब बलवत्तर म्हणायचं. दणकट बोर्डाची गोष्ट त्या दिवसापासून घरात कोणी सांगितलेली नाही.

हे सापडल्यावर काकांनी सगळ्या सर्किटांना मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजायचं यंत्र, लावला. खरं तर हे आधीच करायला हवं होतं असं माझं मत, आणि मी ते त्यांना म्हटलंही. त्यांचं म्हणणं, न्यूट्रलचा गोळा सुटल्याशिवाय कुठल्या आकड्याला काही अर्थच नव्हता. आणि सुटल्यावर घर अंधारात ठेवून बसायला कोण तयार होतं? सगळी उपकरणं प्लगमधून काढली, एलईडी दिवे उतरवले, कारण ५०० व्होल्ट डीसी सोडल्यावर त्यांची इलेक्ट्रॉनिक्स खराब होऊ शकते. प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि अर्थमध्ये रोध मोजायचा. तो १ मेगाओहमच्या खाली नसावा. बहुतेक सर्किटं १०० च्या वर निघाली. स्वयंपाकघर ४०. अंगणातल्या दिव्याचं सर्किट मात्र ०.३. ते अजून लाकडी पट्टीवरच्या रबरी वायरीचं होतं. बोटाने वाकवलं तर रबर भुगा होऊन पडत होतं.

इथे माझा आणि काकांचा खटका उडाला. ०.३ मेगाओहम म्हणजे २३० व्होल्टला एक मिलिअँपिअरही गळती नाही, आरसीसीबी पडणार नाही, तर सध्या जोडून देऊ, असं माझं म्हणणं. ते ऐकेनात. हा आकडा कोरड्या हवेतला, आणि तुटक रबराचा रोध ओल आली की कुठे जाईल ते सांगता येत नाही. शिवाय ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. कॉम्प्युटर, टीव्ही, मशीन यांच्या फिल्टरमधून थोडी थोडी गळती कायम होतच असते, आणि ती सगळी मिळून आरसीसीबीच्या आकड्याच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत ठेवायची असते. काठावर आणून ठेवलेला आरसीसीबी मग रात्रीबेरात्री पडत राहतो. "तुम्ही मला फोन कराल, आणि तोपर्यंत तुमच्याकडे कोणी तरी तो बायपास केलेला असेल," असं त्यांनी सुनावलं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंगणातल्या दिव्याची वायर दोन्हीकडून सोडवून ठेवली आणि त्याच्या एमसीबीच्या जागी बोर्डावर कोरी पट्टी लावली. नंतर नवीन केबल टाकली तेव्हा ते सर्किट बोर्डात आलं.

दाराच्या आतल्या बाजूला मी वहीतला तक्ता नीट लिहून चिकटवला आहे. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, वायर किती जाडीची, कुठल्या आरसीसीबीखाली. वायरची जाडी लिहायला कोणी सांगितलं नव्हतं, पण उद्या कोणी १० च्या जागी १६ बसवायला निघालं तर त्याला तिथेच अडवता यावं म्हणून लिहिली. दर तीन महिन्यांनी टी लिहिलेलं बटण दाबून दोन्ही आरसीसीबी पडतात का बघते. घड्याळं पुन्हा लावावी लागतात म्हणून घरात कुरकुर होते. हे बटण फक्त आरसीसीबीच्या आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग चांगलं आहे का, ते त्यावरून कळत नाही. ते वेगळं मोजून घ्यावं लागतं आणि पावसाळ्यात मोजलेल्या आकड्यावर खूश व्हायचं नाही, उन्हाळ्याच्या शेवटी मोजायचं.

काही महिन्यांनी काका स्क्रू आवळायला पुन्हा आले. पुरवठा बंद करून एकेक टर्मिनल तपासलं. गिझरच्या एमसीबीचा स्क्रू पाव वळसा फिरला, बाकीचे जागेवरच होते. जाताना त्यांनी जुने किटकॅट मागून घेतले. मी विचारलं, कुठे लावणार का? म्हणाले, "छे. पोरांना शिकवताना दाखवायला."